सिमेंट, चुनखडी, पाइप आणि प्रवाळ : गावात रीफ टाकी उभारणाऱ्यांसाठी

मोबाइलवर रीफ टाक्या, म्हणजे खाऱ्या पाण्यात जिवंत प्रवाळ आणि मासे ठेवलेल्या काचेच्या टाक्या, बघून आता आपल्याकडच्या गावांतही कुणा ना कुणाला वाटतंच, की आपल्या घरात असं एक काचघर असावं. हौस चांगली आहे. अडचण सामानाची आहे. तालुक्याच्या बाजारात गोड्या पाण्याचे मासे मिळतात. खाऱ्या पाण्याचं सामान मात्र नागपूरहून आणावं लागतं किंवा कुरिअरनं मागवावं लागतं, आणि एकेका दगडाची किंमत ऐकून माणूस गप्प बसतो. मग नजर जवळच्या वस्तूंकडे वळते. हार्डवेअरच्या दुकानातलं सिमेंट, शेताच्या बांधावरचा चुनखडीचा गोटा, बोअरचा उरलेला पाइप, बाथरूमला लावलेलं सिलिकॉन, घर बांधताना शिल्लक राहिलेली फरशी. यातलं बरंच काही टाकीत चालतं. काही वस्तू मात्र एका रात्रीत टाकीतले सगळे जीव मारतात.

सुरुवातीला एकच गोष्ट डोक्यात पक्की बसवा. समुद्रात थोडं तांबं किंवा लोखंड उतरलं तर ते अफाट पाण्यात विरून जातं. दोनशे लिटरच्या टाकीला ती सोय नाही. पाणी वाफ होऊन उडतं, आपण वरून नवीन पाणी घालतो, पण पाण्यात उतरलेली वस्तू मागेच राहते आणि दिवसेंदिवस साठत जाते. त्यामुळे दुकानदार "एकदम मजबूत आहे भाऊ" म्हणाला तर ऐकून घ्या, पण मनात विचारायचा प्रश्न वेगळा ठेवा : ही वस्तू महिनोन्‌महिने खाऱ्या पाण्यात राहिली तर तिच्यातून काय काय उतरेल?

नवीन माणसं सिमेंटला फार घाबरतात. फवारणीच्या बादलीला घाबरत नाहीत. माझ्या मते भीती उलट असायला हवी. सिमेंटचा दोष मोजता येतो आणि वेळ दिला की जातो. तांबं आणि कीटकनाशक दिसत नाही, वास येत नाही, आणि टाकीतल्या कोळंबीला संधी देत नाही.

पायरी १ : पाणी आणि मीठ

साहित्य तपासायचं तर आधी तपासणीचं पाणी नीट हवं. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. रीफ टाकीत २५ अंशांना विशिष्ट घनता (साध्या पाण्याच्या मानानं जडपणा) १.०२५ ते १.०२६, पीएच (पाण्याच्या आम्ल-अल्कपणाचा आकडा) ८.० ते ८.४, कॅल्शियम लिटरमागे ४०० ते ४५० मिलिग्रॅम आणि मॅग्नेशियम १३०० च्या आसपास ठेवतात. हे पाणी आरओच्या पाण्यात समुद्री मिठाचं तयार मिश्रण घालून बनवायचं. स्वयंपाकाच्या मिठानं ते बनत नाही.

अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यातली मंडळी विचारतात, की आमच्या विहिरीचं पाणी आधीच खारट आहे, तेच चालेल का? नाही चालणार. पूर्णेच्या खोऱ्यातल्या त्या पाण्यात क्षारांचं प्रमाण आणि जात दोन्ही समुद्रापेक्षा वेगळी आहे. लोणारचं पाणीही खारंच, पण त्याचा पीएच १० च्या आसपास असतो आणि त्यात प्रवाळ टिकणार नाही. वीस लिटरच्या कॅनमधलं पाणी वापरणार असाल तर टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा दाखवणारं) घेऊन जा. बऱ्याच प्लांटवर चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळतात. पिण्याला ते बरं, टाकीला नाही. टीडीएस १० च्या खाली मिळालं तर उत्तम. नाहीतर घरच्या आरओला डीआय रेझिनची (उरलेले क्षार ओढून घेणाऱ्या दाण्यांची) नळी जोडून घ्या.

पायरी २ : दगड निवडताना

आधी कायद्याचं सांगतो, कारण यात अनेक जण नकळत फसतात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून सगळी कठीण प्रवाळं, काळं प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ आणि समुद्रपंखे आहेत. समुद्रघोडेही आहेत. म्हणजे कच्छ, मन्नार, लक्षद्वीप किंवा अंदमानातून कुणी "ओरिजनल लाइव्ह रॉक" (समुद्रातला जीवजंतूंसकट खडक) आणून देतो म्हणाला, तर तो बहुधा प्रवाळाचा सांगाडाच विकतोय. घेऊ नका. कायदा बाजूला ठेवला तरी, एक टाकी सजवायला हजारो वर्षांचा खडक फोडणं चूकच आहे. आपल्या हातानं केलेला खडक इथे खरोखर चांगला पर्याय आहे. त्यावर कायद्यानं चालणारे मऊ प्रवाळ आणि बंदिस्त जागेत पैदास झालेले क्लाउन मासे ठेवून सुंदर टाकी होते. क्लाउन माशांची पैदास आपल्याच देशात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं साधली आहे, त्यामुळे समुद्रातून पकडलेला मासा मागायचं काही कारण उरत नाही.

आता आपल्या भागातला दगड. यवतमाळ जिल्ह्यात वणी-राजूरकडे आणि चंद्रपूर जिल्ह्यात राजुरा-कोरपना-गडचांदूरकडे चुनखडक भरपूर आहे. सिमेंटचे कारखाने तिथे उगाच नाहीत आले. चांगला, घट्ट चुनखडक म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, प्रवाळ ज्याचा सांगाडा बांधतात तेच द्रव्य. टाकीला तो चालतो. पण त्याच पट्ट्यात कोळसाही आहे, आणि कोळशासोबत पायराइट (लोह आणि गंधकाचं खनिज) येतं. दगडात पिवळसर धातूसारखी चमक दिसली, फोडल्यावर गंधकाचा वास आला किंवा तांबूस ओघळ दिसले, तर तो दगड घरी आणूच नका. पायराइट पाण्यात आणि हवेत कुजतं, आम्ल तयार होतं आणि लोह सुटत राहतं. खाणीच्या हद्दीतून दगड उचलायचा नाही हे वेगळं सांगायला नको. परवान्याच्या क्रशरवाल्याकडून चार गोटे मागून घ्या, तो देईल.

पश्चिम विदर्भात काळा पाषाण सगळीकडे. तो पाण्यात फारसा विरघळत नाही, पण जड असतो आणि त्याला छिद्रं कमी. जिवाणूंना राहायला जागा मिळत नाही. तळाला एखादा आधार म्हणून ताजा फोडलेला, गंज न चढलेला तुकडा वापरता येतो, संपूर्ण रचना त्याची करू नये. भंडारा-नागपूरच्या मँगनीज पट्ट्यातले काळे, हाताला काळं लावणारे दगड टाळा. हिरवट-निळसर डाग असलेला कुठलाही दगड टाळा, त्यात तांबं असू शकतं. शेतातल्या काळ्या मातीत सापडणारे चुनखडीचे कंकर दिसायला छान असतात, पण त्यांच्या पोटात माती आणि वर्षानुवर्षांची खतं-औषधं मुरलेली असतात. मी ते वापरायला सांगणार नाही.

तपासणी सोपी आहे. दगड घासून धुवा, वाळवा, त्यावर व्हिनेगरचे थेंब टाका. फसफसलं तर कार्बोनेट आहे. फसफसणं म्हणजे "सुरक्षित" असं मात्र समजू नका, त्यातून फक्त दगडाची जात कळते. मग पक्कं लोहचुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दगडावरून फिरवा. चिकटलं तर बाद.

संगमरवराचे तुकडे आणि मोझॅकच्या फरशीसाठी मिळणारे मार्बल चिप्स चालतात, पण पॉलिश किंवा राळ मारलेला भाग नको. ग्रॅनाइटही निष्क्रिय आहे. कवेलूचे तुकडे, चांगले भाजलेले आणि बिनरंगाचे, माशांना लपायला वापरता येतात. फक्त ते नवे घ्या. जुन्या छपरावरच्या कवेलूत धूर, शेवाळ मारायचं औषध, उदईचं औषध असं काय काय मुरलेलं असतं. फ्लाय अ‍ॅशच्या विटा अजिबात नकोत, कारण औष्णिक वीज केंद्राच्या राखेत जड धातूंचे अंश असतात. पीओपी आणि जिप्समचे तुकडे पाण्यात मऊ पडतात आणि विरघळत राहतात. तेही नकोत. कळीचा चुना तर हातातही घेऊ नका, पाणी लागताच तो उकळतो.

कन्हानची किंवा वैनगंगेची रेती तळाला टाकावी का, हा प्रश्न नेहमी येतो. ती मुख्यतः सिलिका असते. विषारी नाही, पण पीएच सावरायला तिची काही मदत होत नाही, आणि त्यातले काळे कण बऱ्याचदा लोहाचे असतात. चुंबक फिरवून बघा, किती काळी पूड चिकटते ते. पैसे थोडे जास्त लागले तरी तळाला अ‍ॅरागोनाइटची (कॅल्शियम कार्बोनेटचीच) वाळू घ्या.

पायरी ३ : सिमेंटचा खडक

इथे मी सावकाश सांगतो, कारण कामही सावकाशीचं आहे.

सिमेंटमध्ये पाणी मिसळलं की कॅल्शियम हायड्रॉक्साइड तयार होतं. म्हणजे आपला भिजवलेला चुनाच. ताज्या सिमेंटला लागून असलेल्या पाण्याचा पीएच १२ च्या वर जातो, आणि समुद्री जीव ८.४ च्या वर फार गेलं तर तग धरत नाहीत. गंमत म्हणजे अनुभवी लोक हीच चुन्याची निवळी अगदी थेंबाथेंबानं टाकीत सोडतात, प्रवाळांना कॅल्शियम मिळावं म्हणून. म्हणजे पदार्थ तोच, फरक मात्रेचा आहे. सिमेंटचा खडक पाण्यात मुरवायचा तो याचसाठी, की जादाचा चुना निघून जावा आणि उरलेल्याचं हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे कॅल्शियम कार्बोनेट व्हावं.

सिमेंट कोणतं? पांढरं सिमेंट घ्या. त्याच्या पिशवीवर आयएस ८०४२ लिहिलेलं असतं. त्यात लोह आणि विद्राव्य क्रोमियम करड्या सिमेंटपेक्षा कमी असतं. गावात जे करडं सिमेंट मिळतं त्यातलं बहुतेक पीपीसी असतं, पिशवीवर आयएस १४८९. त्यात राख मिसळलेली असते. आयएस ४५५ असेल तर त्यात भट्टीची मळी आहे. आयएस २६९ म्हणजे साधं ओपीसी, पांढरं मिळालंच नाही तर हे. वॉल पुट्टी पांढरी दिसते म्हणून सिमेंट समजून आणू नका, तिच्यात पॉलिमर असतात. आणि पोतं उघडण्याआधी बाजूची छपाई वाचा, दुकानदाराच्या तोंडच्या शब्दावर जाऊ नका.

मिश्रण असं : एक भाग पांढरं सिमेंट, दोन भाग बारीक मार्बल चिप्स किंवा पोल्ट्रीच्या दुकानात कोंबड्यांसाठी मिळणारी शिंपल्यांची भरड, आणि दीड-दोन भाग जाडं खडे मीठ. शिंपले आधी उकळून, उन्हात वाळवून घ्या. मीठ पुढे विरघळून जातं आणि त्याच्या जागी छिद्रं राहतात. ही छिद्रंच खडकाचा जीव आहेत, त्यांत अमोनिया पचवणारे जिवाणू वस्ती करतात. सगळं कोरडं एकत्र करून मग पाणी शिंपडत जा. मूठ आवळली तर गोळा टिकला पाहिजे आणि बोटांतून पाणी गळता कामा नये. पाणी जास्त झालं की मीठ तिथेच विरघळतं आणि दगड भरीव होतो.

हातमोजे घाला. ओलं सिमेंट कातडी जाळतं, ते उशिरा कळतं. पोरांना लांब ठेवा.

साचा म्हणून घमेल्यात ओली स्वच्छ वाळू दाबा, बोटांनी वेडेवाकडे खड्डे करा आणि त्यात मिश्रण भरा. मधे पीव्हीसी पाइपचे तुकडे उभे-आडवे खोचले तर बोगदे तयार होतात. आत बांधकामाची तार, सळईचा तुकडा, खिळा असं काहीही घालू नका. घरात सळई काँक्रीटला ताकद देते, इथे खारं पाणी तिच्यापर्यंत पोचतं, ती गंजते, फुगते आणि खडक फोडते. पाण्यात लोह सुटतं ते निराळंच.

मिस्त्रीला हाताशी घेतलं असेल तर तो सवयीनं विचारेल, "भाऊ, थोडं वॉटरप्रूफचं लिक्विड टाकू काय? पक्कं होईल." नको म्हणा. लवकर सुकवणारी, पाणी रोखणारी, रंग देणारी कुठलीही भर नको. आठवडाभर पाणी मारलं की झालं, असंही तो सांगेल. घराच्या स्लॅबसाठी त्याचा हिशोब त्याला ठाऊक आहे, टाकीचं काम पुढे बरंच चालतं.

दोन दिवस साचा ओल्या तरटाखाली सावलीत ठेवा. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात उघडा ठेवला तर वरचा थर सुकून तडकतो आणि आतला कच्चा राहतो. मग अलगद काढून २८ दिवस ओलसर ठेवा. त्यानंतर पाण्याच्या ड्रममध्ये बुडवा आणि आठवड्याला पाणी पूर्ण बदला. ड्रम नवा हवा किंवा पिण्याच्या पाण्याचा. पहिल्या काही आठवड्यांचं पाणी चुन्यासारखं निसरडं लागेल आणि त्यावर पांढरी पापडी धरेल. ते पाणी तुळशीला, भाजीच्या वाफ्याला घालू नका. मधूनमधून खडक काढून चार दिवस हवेत वाळू द्या, त्यानं चुन्याचं कार्बोनेट व्हायला मदत होते. एकूण दोन ते तीन महिने धरून चला. काही जण व्हिनेगरमध्ये बुडवून काम लवकर उरकतात. त्यानं फक्त वरचा थर शांत होतो, चाचणी चांगली येते आणि आतला चुना नंतर टाकीत उतरतो. मला ती घाई धोक्याची वाटते.

खडक तयार झाला का, हे असं कळतं. स्वच्छ बादलीत आरओच्या पाण्यात समुद्री मीठ मिसळून ठेवा आणि पीएच मोजा. त्यात खडक टाका, झाकण लावून दोन दिवस ठेवा, परत मोजा. आकडा ८.५ च्या आत राहिला तर पाणी बदलून हीच चाचणी पुन्हा करा. दोन्ही वेळा बसला तर खडक टाकीत जाऊ शकतो. पीएच पेन वापरत असाल तर तो आधी ७ आणि १० च्या बफरमध्ये जुळवून घ्या. न जुळवलेला पेन खुशाल खोटं बोलतो.

पायरी ४ : पाइप, सिलिकॉन, गोंद

पाण्याची ने-आण करायला यूपीव्हीसी किंवा सीपीव्हीसी चालतं. पिण्याच्या पाण्यासाठीचा नवा पाइप घ्या, यूपीव्हीसी असेल तर आयएस ४९८५ लिहिलेला. पीव्हीसी टिकवण्यासाठी पूर्वी सर्रास शिशाची संयुगं वापरत. ती बंद करण्याचे नियम केंद्र सरकारनं २०२१ मध्ये काढले, म्हणून जुन्या साठ्यातला स्वस्त पाइप नको. शेतात वापरलेला पाइप, ठिबकची जुनी नळी, फवारा पंपाचा होज यांतलं काहीही घरात आणू नका, कितीही धुतलं तरी. सॉल्व्हंट सिमेंटनं जोडलेले सांधे एक-दोन दिवस मोकळ्या हवेत वाळवा, पाणी फिरवून फेका, मग जोडा. व्हॉल्व्ह पीव्हीसीचेच घ्या. चकचकीत नळ बहुधा आतून पितळी असतो, आणि पितळ म्हणजे तांबं आणि जस्त.

सिलिकॉनची ट्यूब घेताना मागचं बारीक अक्षर वाचा. शंभर टक्के सिलिकॉन, सुकताना व्हिनेगरसारखा वास येणारं, काचेसाठीचं असेल तर घ्या. तो वास आम्लाचा असतो आणि वाळल्यावर जातो. "अँटी-फंगल", "बुरशीरोधक", "बाथरूम-किचन" असं लिहिलं असेल तर ठेवून द्या. बाथरूमचा काळा डाग अडवणारं औषध टाकीतल्या जिवांनाही सोडत नाही. "वरून रंग मारता येतो" असं लिहिलेलं सीलंट बहुधा अ‍ॅक्रिलिक असतं, पाण्याखाली टिकत नाही. टाकीचे सांधे किमान आठवडाभर वाळू द्या, आणि व्हिनेगरचा वास पूर्ण गेल्याशिवाय पाणी भरू नका.

प्रवाळाचा तुकडा खडकाला चिकटवायला सायनोअ‍ॅक्रिलेट, म्हणजे फेविक्विकच्या जातीचा गोंद, जगभर वापरतात. घट्ट जेल मिळाली तर काम सोपं होतं. पांढरा लाकडाचा गोंद पाण्यात सुटतो. दोन भाग मळून लावायची इपॉक्सी पुट्टी कडक झाल्यावर चालते, पण धातूची पूड मिसळलेली, "स्टील" असं लिहिलेली घेऊ नका. ऑइल पेंट टाकीच्या आत कुठेच नको. मागची काच निळी-काळी करायची असेल तर बाहेरून रंगवा.

पायरी ५ : जे दिसत नाही ते

तांबं माशांना अगदी थोड्या प्रमाणात सोसवतं, म्हणून माशांच्या काही औषधांत ते असतं. कोळंबी, गोगलगायी, खेकडे, प्रवाळ यांना ते थोडंही नको. आपल्या भागात तांबं कुठून येतं? मोरचुदातून. वरूड-मोर्शीकडे संत्र्याच्या बागांत डिंक्यासाठी बोर्डो मिश्रण फवारतात, खोडाला बोर्डो पेस्ट लावतात, आणि बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुना. ज्या बादलीत, ज्या काठीनं, ज्या ड्रममध्ये ते कधी कालवलं, ती वस्तू टाकीच्या कामाला कायमची बाद. प्लॅस्टिकच्या ओरखड्यांत निळसर कड उरलेली असते, ती घासूनही निघत नाही.

कीटकनाशकाचं त्याहून वाईट. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजुरांचे जीव गेले, हे आपण कुणी विसरलेलो नाही. जे औषध माणसाला हे करू शकतं, त्याचा टाकीतल्या कोळंबीवर काय परिणाम होईल याचा विचार करा. ती शरीरानं किडीच्या किती जवळची आहे! सायपरमेथ्रिनसारखी औषधं पाण्यातल्या कवचधारी जिवांना अत्यल्प प्रमाणातही मारतात.

म्हणून घरात काही नियम करा आणि सगळ्यांना सांगा. टाकीच्या बादल्या, मग, नळी वेगळ्या रंगाच्या घ्या आणि शेताच्या सामानात मिसळू देऊ नका. शेतातून आल्यावर साबणानं कोपरापर्यंत हात धुवा, खळखळून साबण काढा, मगच टाकीत हात घाला. फवारणी करून आलेल्या माणसानं त्या दिवशी टाकीला हात लावूच नये. पाइप आणि सिलिकॉन कृषी केंद्रातून घेत असाल तर बघा, ते औषधांच्या खोक्यांना लागून तर ठेवलेलं नाही ना. मच्छर अगरबत्ती आणि लिक्विडची मशीन टाकीच्या खोलीत लावू नका, एअर पंप खोलीतली हवाच ओढून पाण्यात सोडतो. ग्रामपंचायतीची धूर फवारणी येणार असेल तर दारं-खिडक्या लावा, टाकीवर ओली चादर घाला आणि एअर पंप तेवढा वेळ बंद ठेवा. पाणी हलवणारा पंप चालू राहू द्या.

गडचिरोलीकडच्या वाचकांना एक खास सूचना. मलेरियासाठी सरकारी वाटपात आलेली औषधी मच्छरदाणी फाटली म्हणून तिचा तुकडा टाकीवर जाळी म्हणून ताणू नका. तिच्या धाग्यातच कीटकनाशक असतं आणि ते वर्षानुवर्षं टिकावं अशीच ती बनवलेली असते. साधी नायलॉनची जाळी विकत घ्या.

राहिला धातू. लोखंडी स्क्रू, जीआयची जाळी, क्लिप, पंपाच्या झाकणाचे बोल्ट, खाऱ्या पाण्यात सगळं गंजतं. जीआयवरचं जस्त पाण्यात उतरतं आणि तेही विषारी. भांड्यांचं ३०४ स्टीलही मिठापुढे टिकत नाही. ३१६ जास्त तग धरतं, तरी कायम पाण्याखाली नको. बांधायला नायलॉनच्या केबल टाय वापरा.

टाकीखालचं बांधकाम

तीन फूट लांब, दीड रुंद, दीड उंच टाकीत १९० लिटर पाणी बसतं. पाणी, काच आणि खडक मिळून अडीचशे किलोच्या आसपास ओझं होतं. शेणानं सारवलेल्या मातीच्या जमिनीवर थेट स्टँड ठेवलं तर एक पाय खचतो आणि काच पिळते. खाली शहाबादी फरशी बसवा किंवा सिमेंटचा छोटा ओटा करा. या ओट्याला कुठलंही सिमेंट चालतं, ते पाण्यात जाणार नाही. लोखंडी अँगलचं स्टँड असेल तर गंजरोधक प्रायमर आणि रंगाचे दोन हात मारा, शिंतोडे रोज उडतात. काचेखाली अर्ध्या इंचाचं थर्मोकोल टाका. प्लायवूड वापरलं आणि त्याला उदईचं औषध मारलं असेल, तर ते टाकीपासून दूरच्या कामाला घ्या.

पायरी ६ : दोन बरण्यांची चाचणी

दगड असो, पाइप असो की कवेलू, शंका वाटेल त्या वस्तूसाठी हे करा. आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातल्या इवल्याशा कवचधारी जिवाची) अंडी मत्स्यालयाच्या दुकानात छोट्या डबीत मिळतात. सारख्या आकाराच्या दोन काचेच्या बरण्या घ्या. एकाच बादलीतून तयार केलेलं खारं पाणी घ्या. अर्ध्या पाण्यात संशयित वस्तू आठवडाभर बुडवून ठेवा, अर्धं तसंच झाकून ठेवा. मग वस्तू काढून दोन्ही पाणी दोन बरण्यांत भरा, नावाची चिठ्ठी लावा आणि चिमूटभर अंडी दोन्हींत टाका. खोलीत २६ ते २८ अंश असेल तर एक-दीड दिवसात पिल्लं फुटतात. अंधारात बरणीच्या एका बाजूला टॉर्च लावा. नारिंगी ठिपके झटके देत उजेडाकडे पोहत येतील. दोन्ही बरण्यांत सारखी गर्दी झाली, आणि आणखी एक दिवस ती तशीच पोहत राहिली, तर चांगली खूण. वस्तू बुडवलेल्या पाण्याच्या बरणीत ठिपके तळाशी पडले किंवा जागच्या जागी गोल फिरायला लागले, तर वस्तू फेका.

आर्टेमिया चिवट असतो, प्रवाळ नाजूक असतो. म्हणून ही चाचणी पास झाली तरी पुढची पायरी सोडू नका : सगळं साहित्य टाकीत लावून, पंप चालू करून, माशांविना टाकी किमान दीड महिना चालवा. हातानं केलेल्या खडकावर जिवाणू बसायला वेळ लागतो, आणि त्या काळात अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर यायला हवेत. आठवड्याला पीएच आणि क्षारता लिहून ठेवा. तपकिरी थर धरला तर घाबरू नका, तो सिलिकावर वाढणारा डायटम (सूक्ष्म शेवाळ) असतो आणि ओसरतो. पहिला जीव म्हणून एखादी गोगलगाय सोडा. ती काच धरून फिरतेय, चरतेय, असं पंधरा दिवस दिसलं की मग मऊ प्रवाळाचा एक तुकडा, आणि मासा त्यानंतर.

हे सगळं उन्हाळ्याच्या तोंडावर सुरू करू नका. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या घरात जातो. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी राहतो आणि प्लॅस्टिक-रंगातून उतरणंही वाढतं. पावसाळ्यात खडक घाला, मुरवा, आणि थंडीत टाकी चालू करा. उन्हाळा येईपर्यंत तिचा जम बसलेला असेल. कूलरच्या टाकीतलं पाणी किंवा कूलरची बादली टाकीकडे वळवू नका. उडालेलं पाणी रोज आरओच्या पाण्यानं भरा, खाऱ्या पाण्यानं नाही, कारण मीठ उडत नाही.

बिघडलंच तर

गोगलगायी एकदम काच सोडून पडल्या, कोळंबी झटके द्यायला लागली, प्रवाळ दिवसा मिटून बसले, मासे पृष्ठभागाशी तोंड उघडू लागले, तर कारण शोधत बसू नका. आधी शेवटी टाकलेली वस्तू बाहेर काढा. तयार ठेवलेल्या खाऱ्या पाण्यानं अर्धं पाणी बदला. तापमान आणि घनता जुळलेली असू द्या. नवा अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन (अशुद्धी शोषणारा कोळसा) जाळीच्या पिशवीत घालून पंपाच्या प्रवाहात ठेवा, हवा वाढवा. मग पीएच मोजा. पाणी दुधासारखं ढगाळ होऊन काचेवर पांढरी पूड बसत असेल आणि पीएच वर गेला असेल, तर सिमेंट कच्चं होतं. खडक काढून परत ड्रममध्ये टाका, तो वाया गेलेला नाही. पीएच ठीक असूनही कवचधारी जीवच मरत असतील तर तांब्याचं किट लावा. तांबंही निघालं नाही, तर त्या आठवड्यात घरात, गोठ्यात किंवा शेजारच्या शेतात काय फवारलं ते विचारा. तांबं किंवा औषध टाकीत गेल्याचं कळलं तर खडक आणि वाळू दोन्ही काढून टाका. सच्छिद्र खडक ते पिऊन बसतो आणि महिनोन्‌महिने परत सोडत राहतो, म्हणून तो कुठल्याच टाकीत पुन्हा वापरू नका. काच, नवे पंप आणि पाइप मात्र भरपूर पाण्यानं धुऊन, वाळवून, दोन बरण्यांची चाचणी पुन्हा करून वापरता येतात.

दर वेळी टाकीच्या निम्म्या पाण्याइतकं तयार खारं पाणी झाकणाच्या ड्रममध्ये ठेवून द्या, आणि त्या ड्रमवर मोठ्या अक्षरात "फक्त टाकीसाठी" असं लिहा, म्हणजे घाईच्या दिवशी कुणी तो फवारणीच्या पाण्याला उचलणार नाही.